'फीट' हे निदान नव्हे : मेंदूतील पट्टकृमीच्या रुग्णांसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : वैद्यकीय शिक्षण, पशुसंवर्धन, ग्रामविकास व सामाजिक न्याय या विभागांचे मा. मंत्री

विषय : न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे मेंदूत पट्टकृमीच्या अळ्या बसून होणाऱ्या आजाराच्या रुग्णांची तपासणी, उपचार, नोंद आणि या आजाराचा प्रतिबंध.

महोदय,

आम्ही फीट येणाऱ्या माणसांच्या घरचे लोक आहोत. काही जण स्वतः रुग्ण आहेत. आमची ओळख कुठल्या मेळाव्यात झाली नाही. ती सिव्हिलच्या ओपीडीबाहेरच्या बाकांवर झाली, नंबर येईपर्यंतच्या तीन-चार तासांत. एकमेकांचे स्कॅन पाहता पाहता लक्षात आले की बऱ्याच जणांच्या फिल्मवर तोच पांढरा ठिपका आहे आणि बऱ्याच जणांच्या केसपेपरवर त्याचे नावच नाही. तेवढ्यावरून ही संघटना उभी राहिली.

आमच्यातल्या एका ताईंचा मुलगा सहावीत असताना शाळेच्या परिपाठाला उभा होता. आधी उजव्या हाताची बोटे फडफडायला लागली, मग तो हात, मग तोंड एका बाजूला ओढले गेले आणि तो कोसळला. शिपायाने कांदा फोडून नाकाला लावला. गुरुजींनी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपरवर एक शब्द लिहिला गेला, 'फीट', आणि त्याखाली फेनिटॉइनच्या गोळ्या. पुढे दीड वर्ष दर महिन्याला तोच कागद, त्यावर तोच शिक्का आणि 'गोळ्या चालू ठेवा'. हात एकाच बाजूचा का फडफडतो, हे कोणी विचारले नाही. फीट थांबेनात तेव्हा नात्यातल्या कोणीतरी पैसे दिले आणि स्कॅन झाला. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवली : मसुराएवढे गोल कडे, त्याच्या पोटात एक बारीक टिंब. "किडा आहे," ते म्हणाले, आणि लगेच विचारले, "डुक्कर खाता का?"

ताईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. सासऱ्यांपासून घरात वारी आहे. "आमच्यात अंडंसुद्धा शिजत नाही हो," एवढेच त्या म्हणाल्या. रिपोर्ट दुसऱ्याच कोणाचा तरी आहे अशी खात्री करून घेऊन त्या मुलाला घेऊन निघून गेल्या आणि चार महिने फिरकल्या नाहीत. त्या चार महिन्यांत मुलाला किती फीट आल्या ते त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर तांबड्या पेनाने मांडून ठेवले आहे.

डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी चुकीचा प्रश्न विचारला, आणि तो राज्यभर असाच विचारला जातो. बरोबर प्रश्न कोणता, हे सांगण्यासाठी थोडे विस्ताराने लिहावे लागेल. आपल्या विभागातील तज्ज्ञांना हे ठाऊक असेलच. पण मागणीपत्र मंत्रालयातल्या सगळ्या टेबलांवरून फिरते, म्हणून लिहितो.

डुकराचा किडा माळकऱ्याच्या डोक्यात कसा जातो

या पट्टकृमीचे शास्त्रीय नाव टीनिया सोलियम. त्याची दोन घरे आहेत. अळी डुकराच्या मांसात राहते. पूर्ण वाढलेला, दोन ते सात मीटर लांबीचा कृमी माणसाच्या आतड्यात राहतो आणि फक्त माणसाच्याच आतड्यात राहतो. अर्धवट शिजलेले बाधित मांस खाणाऱ्याच्या पोटात हा कृमी वाढतो. त्या माणसाला बहुधा काहीच होत नाही. पोट थोडे बिघडते, कधी शौचात पांढऱ्या नाडीसारखे चपटे तुकडे दिसतात. अशा एकेका तुकड्यात पन्नास-पन्नास हजार अंडी असतात. उघड्यावरच्या शौचातून ही अंडी डुकराच्या पोटात गेली की पुन्हा मांसात अळ्या होतात आणि फेरा पूर्ण होतो.

माणूस मधे सापडतो तो इथे. तीच अंडी न धुतलेल्या हातावरून, पाण्यातून किंवा कच्च्या भाजीवरून माणसाच्या पोटात गेली, तर त्याचे शरीर डुकराच्या जागी येते. अळी अंड्यातून सुटते, रक्तात शिरते आणि स्नायूंत, डोळ्यात किंवा मेंदूत जाऊन बसते. म्हणजे मेंदूतला हा आजार डुकराचे मांस खाल्ल्याने थेट होत नाही. पोटात कृमी असलेल्या दुसऱ्या एखाद्या माणसाच्या विष्ठेचा अंश पोटात गेल्याने होतो. क्वचित स्वतःच्याही. हे अंडे इतके बारीक की एका मिलीमीटरच्या रेषेत पंचवीस-तीस मावतील. माळ ते अडवू शकत नाही.

१९९२ साली न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू वस्तीतले असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. डुकराचे मांस त्यांच्या धर्माला निषिद्ध. तरी मेंदूत अळ्या. शोध घेतला तेव्हा माग लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, घरात स्वयंपाक-धुणीभांडी करणाऱ्या कामगारांपर्यंत पोचला. तपासलेल्या कामगारांपैकी एकाच्या पोटात कृमी सापडला. तिथल्या यंत्रणेने घरातल्या माणसांकडे पाहिले, हा आमच्या दृष्टीने या गोष्टीतला महत्त्वाचा भाग.

कोबीबद्दल एक शब्द, कारण आमच्या निम्म्या सभासदांनी कोबी सोडला आहे. कोबीत दिसणारी हिरवी अळी आणि हा कृमी यांचा काही संबंध नाही. गटाराच्या पाण्यावर वाढलेली कोणतीही भाजी कच्ची, न धुता खाल्ली तर धोका आहे. मग ती कोथिंबीर असो की मुळा. बिचाऱ्या कोबीची फुकट बदनामी झाली आहे.

मेंदूत बसलेली अळी कित्येक वर्षे गप्प राहू शकते. ती जिवंत असते तोवर शरीराला तिचा सुगावा लागत नाही. ती मरायला लागली की शरीर तिच्यावर तुटून पडते, सूज येते आणि फीट सुरू होते. पुढे अळी विरून जाते किंवा चुन्याच्या खड्यासारखा डाग मागे ठेवते. भारतातील रुग्णांत पुष्कळदा अशी एकच छोटी गाठ असते आणि ती योग्य उपचाराने बहुतेकदा विरते. काहींच्या मेंदूत मात्र अळ्यांचा खच असतो, काहींच्या मेंदूतल्या पाण्याची वाट अडते. त्यांचा जीव धोक्यात असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जिथे हा कृमी मुरलेला आहे अशा अनेक भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हे कारण असते. तमिळनाडूत वेल्लोर परिसरात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत अपस्माराच्या साधारण एक-तृतीयांश रुग्णांत ते आढळले. फीट येण्याच्या कारणांत टाळता येण्यासारखे इतके मोठे कारण दुसरे क्वचितच असेल.

आता मागण्या.

पहिली मागणी : केसपेपरवर कारण लिहा, आणि ते शोधण्याची सोय द्या

ताप आला की आपण तापावर थांबत नाही. हिवताप की डेंग्यू, हे पाहतो. फीटच्या बाबतीत मात्र सरकारी दवाखान्यात लक्षणालाच निदान समजले जाते. आमची मागणी अशी : ज्या रुग्णाला पहिल्यांदा फीट आली आहे, विशेषतः ती शरीराच्या एका बाजूने सुरू झाली आहे किंवा मोठ्या वयात आली आहे, त्याच्या मेंदूचे चित्रण ठरावीक मुदतीत व्हावे, आणि केसपेपरवर 'फीट' या शब्दापुढे 'कारण' असा वेगळा रकाना असावा. कारण कळले नसेल तर 'शोध चालू' असे लिहावे. रिकामा रकाना डोळ्यांना खुपतो. रकानाच नसेल तर काय खुपणार?

चित्रणाबाबत व्यवहार असा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार विनामूल्य झाले, याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. पण जिथे यंत्र नाही किंवा बंद आहे तिथे 'विनामूल्य' या शब्दाला अर्थ उरत नाही. चिठ्ठी बाहेरची मिळते. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना दाखल झालेल्या रुग्णाला हात देते. ओपीडीत उभ्या असलेल्या रुग्णाच्या एमआरआयचे पैसे घरातूनच जातात. आमच्यातल्या एकाने त्यासाठी शेळी विकली. तेव्हा जिथे यंत्र नाही तिथून चित्रणाची सोय असलेल्या जवळच्या केंद्रात रुग्णाला पाठवावे आणि खर्च शासनाने द्यावा. सिटी स्कॅन आणि एमआरआय दोन्हींची गरज पडते, हेही ध्यानात घ्यावे : चुन्याचे डाग सिटीवर नीट दिसतात, बारीक आणि आडजागी बसलेल्या अळ्या एमआरआयवर.

रक्ताच्या तपासणीबद्दलही बोलायला हवे. ओबडधोबड प्रतिजन वापरणारी एलायझा तपासणी सर्रास लिहून दिली जाते. तिच्यावर विसंबू नये असे तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्यातल्या त्यात भरवशाची इम्युनोब्लॉट तपासणीसुद्धा मेंदूत एकच गाठ असलेल्या रुग्णात चुकू शकते, आणि आपल्याकडे तेच रुग्ण जास्त. म्हणजे रुग्ण दीड-दोन हजार रुपये भरून 'निगेटिव्ह' असा कागद आणतो आणि सगळे निश्चिंत होतात. ही तपासणी कोणाला सांगायची आणि कोणाला नाही, याचा लेखी आदेश निघावा.

दुसरी मागणी : सगळ्या राज्यासाठी एकच लेखी उपचारपद्धती

ही मागणी आमच्या जिवाशी सर्वांत जवळची आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

१९८० च्या दशकात भारतात फीटच्या रुग्णांच्या स्कॅनवर ही एकटी छोटी गाठ दिसू लागली तेव्हा ती क्षयाची समजली गेली. क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या की काही महिन्यांनी गाठ नाहीशी व्हायची, आणि गोळ्या लागू पडल्या असा अर्थ लावला जायचा. गोळ्या न घेणाऱ्यांचीही गाठ नाहीशी होत होती, हे हळूहळू लक्षात आले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी शस्त्रक्रियेने काढून तपासल्या आणि त्यांत पट्टकृमीची अळी दाखवून दिली. गाठ २० मिलिमीटरपेक्षा लहान, कडा सारखी, मेंदू एका बाजूला सरकलेला नाही, रुग्णाला वाढत जाणारी इतर लक्षणे नाहीत, अशा खुणांवरून क्षयाची गाठ आणि ही गाठ वेगळी कशी ओळखायची, हेही त्यांनी लिहून ठेवले. या गोष्टीला तीस वर्षे उलटून गेली. तरी आमच्यातल्या एका रिक्षाचालकाने नऊ महिने क्षयाच्या गोळ्या खाल्ल्या, कावीळ झाली म्हणून रिक्षा विकली, आणि शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी जुनीच फिल्म पाहून सांगितले की ही गाठ क्षयाची नव्हतीच.

त्या डॉक्टरांना दोष देण्याआधी एक गोष्ट पाहावी. क्षयरोगाला कार्यक्रम आहे, कार्ड आहे, फुकट औषध आहे, पोषणासाठी खात्यात पैसे आहेत, पाठपुरावा करणारा माणूस आहे. पट्टकृमीला यांतले काहीच नाही. शंका आली की हात आपोआप ज्या कपाटात औषध आहे तिकडे जातो.

दुसऱ्या टोकाचा धोका अल्बेंडाझोलचा. औषधाच्या दुकानात ते चिक्कीसारखे मिळते. 'मेंदूत जंत आहे' असे ऐकलेल्या एका सभासदाने स्वतःच चार दिवस ते घेतले आणि पाचव्या दिवशी एकामागून एक फीट येऊन तो अतिदक्षता विभागात पोचला. अळ्या एकदम मरू लागल्या की सूज वाढते. म्हणून हे औषध स्टेरॉइडच्या आडोशाने, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायचे असते. मेंदूला आधीच भरपूर सूज असेल किंवा मेंदूतले पाणी तुंबले असेल, तर आधी तो प्रश्न सोडवायचा असतो. डोळ्याच्या पडद्यामागे अळी असेल तर या औषधाने डोळा जाऊ शकतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी डोळ्याची आतून तपासणी हवी. नेत्रतज्ज्ञ त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असतात, पण मेडिसिनच्या वॉर्डातून तिकडे चिठ्ठी क्वचितच जाते.

हे सगळे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि त्याआधीच्या अमेरिकी तज्ज्ञांच्या तत्त्वांत लिहिलेले आहे. नवीन संशोधन करा असे आम्ही म्हणत नाही. त्यातले आपल्याला लागू पडणारे तेवढे चार पानांत मराठीत आणा, आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतील मेंदूतज्ज्ञांकडून पारखून घ्या आणि ग्रामीण रुग्णालयापर्यंत प्रत्येक टेबलाच्या काचेखाली ठेवा. गाठ विरल्यावर फीटच्या गोळ्या कधी आणि कशा कमी करायच्या, हेही त्यात असू द्या. आमच्यात अशी माणसे आहेत जी पाच-सहा वर्षे गोळ्या घेत आहेत, कारण थांबवण्याचा निर्णय घेणारे कोणी भेटलेच नाही. आणि मनाने थांबवून पुन्हा फीट आलेलीही आहेत.

फीटच्या गोळ्या संपल्या म्हणून रुग्णाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, ही तर मागणी म्हणून लिहायलाही संकोच वाटतो. दोन दिवसांचा खंडसुद्धा महागात पडतो.

तिसरी मागणी : रुग्णाबरोबर घर तपासा

ताईंच्या मुलाच्या पोटात ती अंडी कुठून आली, हे आजही कोणाला माहीत नाही, कारण कोणी विचारलेच नाही. शाळेच्या पोषण आहारातून, गावातल्या हॉटेलातून, शेजारून आलेल्या डब्यातून? ज्याच्या पोटात तो कृमी आहे तो माणूस कदाचित अजूनही कोणासाठी तरी रोज पीठ मळतो आहे.

म्हणून 'डुक्कर खाता का' या प्रश्नाऐवजी विचारायचा प्रश्न असा : "घरात किंवा तुमचा स्वयंपाक करणाऱ्यांपैकी कोणाच्या शौचात पांढऱ्या चपट्या पट्ट्या पडतात का?" हा प्रश्न आशाताई विचारू शकतात. निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी व्हावी, तीही एकदा नव्हे, कारण एका नमुन्यात अंडी सापडतीलच असे नाही. सापडली तरी ती डुकराच्या कृमीची की गाईम्हशींच्या मांसातून येणाऱ्या कृमीची, हे सूक्ष्मदर्शकातून ओळखता येत नाही. उपचार मात्र दोन्हींत करायचेच असतात.

त्यासाठी निक्लोसामाइड हे औषध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या यादीत आणा. ते आतड्यातच काम करते, रक्तात जवळजवळ शिरत नाही. त्यामुळे त्याच माणसाच्या मेंदूत नकळत अळी असली तरी ती चाळवली जात नाही. प्राझिक्वांटेलच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत अल्बेंडाझोलची जी एक गोळी देतात ती इतर जंतांसाठी ठीक आहे; या कृमीसाठी ती पुरेशी धरू नये.

चौथी मागणी : मोजा

ब्रिटिश सैन्याने आपल्या सैनिकांतील या आजाराच्या ४५० रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १९६१ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांतले बहुतेक हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतलेले होते. लागण झाल्यावर किती वर्षांनी फीट येते, याबद्दल जगाला जे कळले त्यातले पुष्कळ त्या कागदांतून कळले. म्हणजे या मातीतून कृमी घेऊन गेलेल्या गोऱ्या शिपायाची नोंद आहे, आणि इथेच राहिलेल्याची नाही.

हा आजार राज्याच्या रोगनोंदणीत स्वतंत्र नावाने यावा. वैद्यकीय महाविद्यालये, जिल्हा रुग्णालये आणि खासगी स्कॅन केंद्रे यांच्याकडून दरमहा आकडा घ्या. गाव किंवा वॉर्ड एवढे लिहिले तरी चालेल. रुग्णाचे नाव जगजाहीर करू नका. आकडा आला की कुठे दाट आहे ते दिसेल, आणि पुढच्या सगळ्या मागण्यांचा खर्च निम्मा होईल, कारण सगळीकडे सगळे करावे लागणार नाही.

पाचवी मागणी : डुकरांना लस, आणि ती शासनाच्या खर्चाने

डुकरांसाठी या कृमीची लस आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठातील मार्शल लाइटोलर्स यांच्या संशोधनातून ती तयार झाली, आणि तिचे व्यापारी उत्पादन हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्सने केले. म्हणजे आपल्या शेजारच्या राज्यात. लसीबरोबर ऑक्सफेंडाझोल या औषधाची एक मात्रा दिली तर डुकराच्या मांसातल्या अळ्याही मरतात. पेरू देशाच्या टुंबेस भागात माणसांवर आणि डुकरांवर एकाच वेळी उपचार करून, डुकरांना लस देऊन संक्रमण तोडण्यात आले. १०७ गावांपैकी १०५ गावांत शेवटी डुकरांमध्ये जिवंत अळी सापडली नाही. हे काम २०१६ साली प्रसिद्ध झाले.

मग पाळणारे लोक लस विकत का घेत नाहीत? कारण अळ्यांनी डुक्कर आजारी पडत नाही. ते खाते, पिते, वजन धरते. मालकाला तोटा काहीच दिसत नाही. तोटा होतो तो चार कोसांवरच्या एखाद्या मुलाला. ज्याचा फायदा दुसऱ्याला होतो त्याचा खर्च वराहपालकाने पदरमोड करून करावा, ही अपेक्षा चूक आहे. लाळ्या-खुरकुताची लस शासन देते, तशीच हीही द्यावी, आणि सुरुवात चौथ्या मागणीतल्या नोंदीत जे तालुके वर येतील तिथून करावी.

इथे आमची एक भीती स्पष्ट सांगतो. असे विषय निघाले की नगरपालिकेची गाडी येते, डुकरे पकडून नेते आणि पिढ्यान्‌पिढ्या वराहपालनावर पोट भरणाऱ्या वस्तीला अपराधी ठरवून जाते. ते आम्हाला नको आहे. मांसाहारावर बंदी नको, कोणाच्या ताटाकडे बोट नको. गोव्यातल्या घरात मंद आचेवर नीट शिजलेले सोरपोतेल खाऊन कोणाच्या मेंदूत अळी गेलेली नाही. डुक्कर हा या फेऱ्यातला एक टप्पा आहे. फेरा सुरू होतो माणसाच्या आतड्यातून. बंदिस्त पालनासाठी अनुदान द्या, कत्तलखान्यात मांस तपासणारा पशुवैद्यक द्या, सापडलेल्या बाधित जनावराची भरपाई द्या. भरपाई नसेल तर कोणी दाखवणार नाही, ते मांस गुपचूप विकले जाईल.

सहावी मागणी : शौचालय वापरता येईल असे

संत गाडगेबाबांच्या नावाने ज्या राज्यात ग्रामस्वच्छता अभियान उभे राहिले तिथे गुड मॉर्निंग पथकेही फिरली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याला हार घालून त्याचा फोटो काढला गेला. त्याने कृमी मेला नाही. म्हातारा आणखी लांबच्या ओढ्यावर जाऊ लागला. शौचालये बांधली गेली हे खरे, पण पाणी नसलेल्या शौचालयात सरपण साठते, हेही तितकेच खरे.

यात एका गटाकडे वेगळे पाहावे लागेल. दसरा-दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर, जालना इकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि चार-पाच महिने पाचटाच्या कोपीत राहतात. एका तळावर शेकडो कुटुंबे, आणि शौचाला उसाचा फड. त्याच तळाच्या कडेने मोकाट डुकरे फिरतात. आमच्या एका सभासदाला फडात, हातात कोयता असताना फीट आली. मांडीला बारा टाके पडले, कोयता मोडला म्हणजे जोडी मोडली, आणि मुकादमाची उचल अंगावर राहिली. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने कारखान्यांच्या तळांवर फिरती शौचालये, हात धुण्याचे पाणी आणि हंगामाच्या सुरुवातीला आरोग्य तपासणी ही तीन कामे हातात घ्यावीत. फीटचा रुग्ण ज्या जिल्ह्यात जाईल तिथे त्याच केसपेपरवर गोळ्या मिळाव्यात.

आणखी थोडे

विवाहविषयक कायद्यांतून अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने काढला गेला. सोयरिकीच्या बैठकीतून तो अजून गेलेला नाही. ते काम आमचे आहे, शासनाचे नव्हे. शासनाने एवढेच करावे की शासकीय वसतिगृहांतून आणि आश्रमशाळांतून 'फीट येते' या कारणाने मुलाला घरी पाठवू नये, आणि प्रत्येक शाळेतील निदान दोन शिक्षकांना फीट आल्यावर काय करावे ते शिकवावे : कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, घड्याळ पाहा, तोंडात काही घालू नका, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी बोलवा. कांदा, चप्पल आणि किल्ल्या बाजूला ठेवा.

वरील मागण्यांपैकी पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या मागणीला पैशांपेक्षा आदेशाची गरज जास्त आहे. त्यांवर येत्या १७ नोव्हेंबरपूर्वी, म्हणजे राष्ट्रीय अपस्मार दिनाचे फलक रुग्णालयांच्या फाटकांवर लागण्याआधी, शासन निर्णय निघावा. उरलेल्यांसाठी आरोग्य, पशुसंवर्धन आणि ग्रामविकास या तिन्ही विभागांच्या सचिवांनी एकाच टेबलावर बसून आमच्या पाच जणांच्या शिष्टमंडळाला वेळ द्यावा. एकेका खात्याकडे वेगळे गेलो की प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवते. तो अनुभव आम्ही पुरेसा घेतला आहे. शिष्टमंडळातल्या दोघांना फीट येते. त्यांना लिफ्टसाठी आणि दालनाबाहेर फार वेळ उभे करू नये, ही विनंती.

सोबत जोडले आहे :
रुग्णांच्या संमतीने, नावे काळी करून घेतलेल्या केसपेपरच्या झेरॉक्स. ज्यांवर 'फीट' या शब्दाखेरीज दुसरे निदान नाही ते कागद वर ठेवले आहेत.
क्षयाच्या गोळ्यांचे कार्ड आणि त्याच रुग्णाच्या आधीच्या स्कॅनचा अहवाल, एकत्र टाचून.
कालनिर्णयची चार पाने, तांबड्या खुणांसह. मूळ पाने ताईंना परत हवी आहेत. एकादशीच्या तारखाही त्यांवरच आहेत.

आपले विश्वासू,
संघटनेच्या वतीने, सर्व सभासद